आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे

सूतगिरणीत काम करणाऱ्याच्या अंगावर कापसाचं तूस जमतं, तसे एचआरवाल्याच्या अंगावर किस्से जमतात. रोज झटका, रोज ओंजळभर निघतात. माझे किस्से ऐकून मित्रमैत्रिणी आधी हसतात. मग त्यातला एखादा हसता हसता थांबतो आणि विचारतो, "अगं, पण मग तो होता कोण?" मला काय माहीत कोण होता!

आमची गिरणी पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेला लागून. मी कळंबची. यवतमाळला एमएसडब्ल्यू केलं आणि दोन वर्षांपूर्वी इथे लागले. माझे आजोबा चाळिशीत सही शिकले. तोवर अंगठा. सही यायला लागल्यावर मात्र ते कोणताही कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नसत. मी तेच डोक्यात घेऊन एचआरमध्ये आले. घोडचूक!

कारण हेड ऑफिसने सॉफ्टवेअर घेतलं. त्यात संमतीपत्रांचे साचे तयारच असतात. फोटो वापरायची संमती, बोटांचे ठसे साठवायची संमती, शिफ्ट बदलायची संमती. नाव निवडा, टॅबलेटवर नाहीतर कामगाराच्या फोनवर पाठवा. कामगाराने टॅबलेटच्या काचेवर बोट फिरवलं की सही झाली, आणि खाली अक्षरं येतात : आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे.

पण हे लहान फॉर्म म्हणजे नुसता सराव. खरा फॉर्म एकच होता. रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायच्या खात्यातल्या अठरा कायम कामगारांनी 'स्वेच्छेने' कंत्राटदाराकडे जायचं. अठराही जण एकाच कोलाम पोडावरचे. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची टेकडीवरची वस्ती. एक सही, आणि वीस वीस वर्षांची कायम नोकरी खलास. मी मॅनेजर गावंडे साहेबांना तोंडावर सांगितलं, "सर, समजल्याशिवाय एकाचीही सही मी होऊ देणार नाही."

साहेब चहा ढवळत म्हणाले, "समजावत बसा तुमी निवांत. तवरोक सॉफ्टवेअर करून टाकते."

मला तेव्हा तो विनोद वाटला.

*

सॉफ्टवेअरबरोबर एक खोटा कामगार फुकट येतो. नाव 'नमुना कर्मचारी'. कुठलाही फॉर्म आधी त्याला पाठवून बघायचा. हा गडी कशालाच नाही म्हणत नाही. पाठवला की दोन सेकंदांत संमती! गावंडे साहेब खूश. "असे दोनशे पाहिजे मले!"

चाचणी संपली, पण त्याला यादीतून काढायचं राहून गेलं. कॅन्टीनला रोज किती माणसं जेवणार हा आकडा त्याच यादीतून जातो. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं आणि मी धावत कॅन्टीनमध्ये गेले.

"मनोहरभाऊ, यादीत एक माणूस खोटा आहे. रोज एक ताट वाया गेलं असेल ना?"

मनोहरभाऊ कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "वाया कायले जाईन? कोनी न्यायले येत नाही म्हून खिडकीपाशी ठेवून देतो. घासायच्या टायमाले ताट साफ रायते."

"पण खातं कोण?"

"कोन म्हंजे? ज्याच्या नावाचं हाय तो!"

*

लेतूभाऊ आत्राम हे त्या अठरांतले सगळ्यात जुने. चालत्या मशीनवर सूत तुटलं की दोन बोटांच्या चिमटीत धरून जोडायचं, हे त्यांचं काम. इतकी वर्षं सूत जोडून बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झालेली.

फोटोचा साधा फॉर्म होता. मी वाचून दाखवला, त्यांना पटला. "करतो सही," म्हणाले आणि बोट फिरवलं. काच कोरी. हात धुऊन आले, पुसले, माझं क्रीमही लावून झालं. माझं बोट टेकलं की लगेच काळी रेघ. त्यांचं टेकलं की काही नाही. थोडा वेळ वाट पाहून पडद्यावर वाक्य आलं : समोर कोणी नाही असे दिसते. फॉर्म बंद करायचा का?

लेतूभाऊंनी ते एकेक अक्षर लावत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, मी इथं बसून हाय ना?"

"असं काय विचारता भाऊ? आहात की!"

"नाही, तुमी पक्कं सांगा. घरी जाऊन बायकोले बी विचारतो मी."

*

अशा बोटांसाठी सॉफ्टवेअरकडे उपाय आहे. तुम्ही नाव टाइप करा, सही ते स्वतः काढतं! सफाई खात्यातल्या शेवंताबाईंचं ओलं बोट काचेवर उमटेना, तेव्हा मी तो करून पाहिला. पडद्यावर अशी झोकदार तिरकी सही उमटली, की वाटावं बाई कलेक्टर आहेत.

शेवंताबाई कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "लय सुंदर लिवते. कोन हाय ही?"

"तुम्हीच की, बाई. तुमची सही आहे ही."

"मंग मी घरी पाटीवर गिरवते ते कोनाची?"

मला लाज वाटली. मी ती सही पुसली. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि स्वतःचं वाकडंतिकडं नाव दोन मिनिटं लावून काढलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यांच्या चार फॉर्मांवर ती तिरकी सही. त्यातले तीन मी पाठवलेलेच नव्हते!

मी घाबरत घाबरत त्यांना सांगायला गेले. वाटलं, चिडतील. शेवंताबाईंनी झाडू थांबवला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "तिले म्हनाव, सह्या करते तं झाडायले बी येत जाय."

*

विठ्ठलराव आमचे वॉचमन. मागच्या उन्हाळ्यात गेले. कार्यालयाच्या ढिसाळपणामुळे नाव यादीत तसंच. मी ते काढायला घेतलं तर दिसलं, त्यांच्या नावावर सहा संमत्या, फोनवरून दिलेल्या. सगळ्या ते गेल्यानंतरच्या.

त्यांचाच नंबर लावला. एका बाईंनी उचलला. विठ्ठलरावांच्या पत्नी. मी जरा तावातच विचारलं, "काकू, या फॉर्मना हो कोण म्हणतं?"

"मीच म्हनते, पोरी."

"अहो, पण कशाला? त्यात काय लिहिलंय ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"मले वाचता येत नाही. पन वर त्यायचं नाव येते, येवढं वयखू येते." मग म्हणाल्या, "नाही म्हटलं आन् यायचंच बंद झालं तं?"

त्या दिवशी मी ते नाव यादीतून काढलं नाही. अजूनही काढलेलं नाही. नियमात बसत नाही, मला माहीत आहे. नसेल बसत तर न बसू दे!

*

मग तो खरा फॉर्म आला. अठरा नावं आणि साहेबांचा निरोप, आठ दिवसांत पडद्यावर नावांपुढच्या सगळ्या खुणा हिरव्या दिसल्या पाहिजेत.

मी हट्ट धरला, लिहिलेला फॉर्म नको, ऐकवायचा. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. माणसाला फोन जातो, फॉर्म वाचून दाखवला जातो, तो तोंडाने हो किंवा नाही म्हणतो आणि त्याचा आवाज साठवला जातो. मजकूर मी माझ्याच आवाजात भरला, अगदी सोप्या भाषेत. "घाई करू नका. यावर हो म्हटलंत तर तुमची कायम नोकरी जाईल." साहेबांनी तो ऐकायची तसदी घेतली नाही, हे माझं नशीब. रविवारी सुट्टी, सगळे घरी असणार, म्हणून दुपारी बाराची वेळ लावली आणि लोक काय म्हणतात ते बघायला स्कूटी काढून स्वतःच पोडावर निघाले. धीर धरणं मला जमत नाही!

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पोडावर कुठेच नेटवर्क नाही. ते येतं फक्त टेकडीच्या टोकाला, एका मोहाच्या झाडाखाली. म्हणून सगळ्या वस्तीचे फोन कापडी पिशव्यांत घालून त्याच झाडाला टांगलेले असतात. लेतूभाऊंची म्हातारी माय खाली बसून असते. फोन वाजला की बटण दाबते आणि ज्याचा असेल त्याला हाक मारते.

मी चढण चढत होते. ऊन, वारा नाही, पान हलत नाही. आणि बारा वाजता ते झाड वाजायला लागलं. अठरा फोन. मायने एकेक बटण दाबत नेलं आणि झाडातून मी बोलायला लागले. एकदा नाही, अठरा वेळा, एकीच्या मागे दुसरी. घाई करू नका. करू नका. नका. मी जागेवरच उभी राहिले. खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटलं.

मायने मला पाहिलं. मग वर फांद्यांकडे पाहिलं. परत मला पाहिलं.

"तू तं आता आली. मंग मंघापासून बोलून कोन राह्यलं?"

मी धापा टाकत समजावलं. विचारलं, "माय, कुणाच्या वतीने हो तर नाही ना म्हटलं?"

"कायले म्हनू? विचारनाऱ्याचं तोंड दिसल्याबिगर आमी हो म्हनत नाही."

मी तिथेच दगडावर बसले. आजोबांची नात म्हणवते आणि लोकांना तोंड न दाखवता विचारते! त्याच संध्याकाळी ऑफिस उघडायला लावून मी अठराही फॉर्म बंद केले, अठराही नंबर सॉफ्टवेअरमधून पुसले. ठरवलं, उद्या पहिल्या शिफ्टला खात्यात जायचं आणि समोरासमोर वाचून दाखवायचं.

*

सोमवारी दहाच्या चहाच्या सुट्टीत मी रिंग फ्रेम खात्यात उभी होते. अठराही जण माझ्याभोवती. फोन कुणाकडेच नाही. खात्यात फोन आणायला बंदीच आहे. सुट्टीतही बाजूच्या मशीन चालूच असतात, त्यामुळे एकेक ओळ ओरडून वाचावी लागत होती. पहिलं पान जेमतेम संपलं तेवढ्यात निरोप आला, साहेबांनी मला आणि लेतूभाऊंना वर बोलावलंय.

केबिनमध्ये साहेब पेढ्याचा पुडा सोडत होते. पडदा आमच्याकडे वळवला. अठरा नावं, अठरा हिरव्या खुणा.

"या मॅडम! झाले अठराचे अठरा! म्या काय म्हनलं होतं?"

"शक्यच नाही, सर. फॉर्म बंद आहेत. नंबरसुद्धा नाहीत त्यात."

खरंच नव्हते. नंबरचा रकाना रिकामा. वेळ मात्र होती, दहा वाजून दहा मिनिटं. म्हणजे मी खाली वाचत होते तेव्हाची. आणि हिरवी खूण म्हणजे संमती नव्हे. उत्तर आलं, एवढाच तिचा अर्थ. आनंदाच्या भरात साहेबांनी उत्तर काय आलं ते पाहिलंच नव्हतं.

"आता यायच्याच तोंडून आयका," म्हणत त्यांनी पहिलं नाव दाबलं.

"मी लेतू आत्राम. मले समजलं. मी नाही म्हनतो."

आवाज स्वच्छ होता. मागे मशीनची घरघर नाही, वारा नाही, श्वासही नाही. साहेबांनी दुसरं नाव दाबलं. तिसरं. चौथं. सगळे आवाज माझ्या ओळखीचे. बारक्या आवाजाचा रामू, अडखळत बोलणारा भीमा. प्रत्येकाने आपलं नाव घेतलं, समजलं म्हटलं आणि नाही म्हटलं. अठरावा संपला तेव्हा साहेबांच्या हातातला पेढा तसाच होता.

"कवा बोलला रे तू हे?" त्यांनी लेतूभाऊंना विचारलं.

लेतूभाऊ पडद्याकडेच बघत होते.

"आवाज माहाच हाय, साहेब. पन मी बोललो नाही. मॅडमचं अजून अर्धं वाचायचंच हाय." मग ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "म्हननार मातर हेच होतो."