रेफरची चिठ्ठी

तीस वर्षं मी सिस्टर म्हणून बाळंतपणाच्या खोलीत काढली. आमच्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय ना धड छोटं, ना धड मोठं. उपकेंद्राला जे झेपत नाही ते आमच्याकडे येतं आणि आम्हाला जे झेपत नाही ते दीड तासावरच्या मोठ्या दवाखान्यात जातं. मधल्या सुनेसारखं आमचं आहे, थोरलीचंही ऐकायचं आणि धाकटीचंही.

वर पाठवण्याला रेफर म्हणतात. हा शब्द आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही कळतो आणि तिच्या लेखी त्याचा अर्थ एकच, संपलं. चिठ्ठी लिहायला मी पेन उघडलं की बाहेर कुणीतरी भावकीला फोन लावतं. बघता बघता दोन जीप भरून माणसं गोळा होतात आणि मोठ्या दवाखान्यात ओळखीचं कोण आहे याचा शोध सुरू होतो. ओळखीशिवाय तिथं कुणी हात लावत नाही, ही पक्की समजूत. मी भडकायचे. "बाई कळा देतेय आणि तुमी आमदाराचा नंबर कशाला शोधताय? आधी गाडीत बसवा तिला," असं किती जणांवर ओरडले असेन, देव जाणे. माझ्या तोंडाला लोक भीत असत आणि मला त्याचं काही वाटत नसे.

मागच्या वर्षी साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतत होत्या. तेव्हा सिरसाळ्याकडची एक पोरगी आली, पहिलटकरीण. पाणी हिरवट गेलेलं, म्हणजे बाळानं पोटातच शी केलेली. बहुतेक वेळा अशातून सगळं नीट होतं, पण लक्ष ठेवावं लागतं आणि वेळ पडली तर लगेच ऑपरेशन. आमचे भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. मी चिठ्ठी लिहिली.

"रेफर कशाला म्हणता बाई, हात वर केले म्हना की सरळ," सासू म्हणाली.

पोरीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि गाडीत बसताना विचारलं, "सिस्टर, तुमी येता का संगं?"

"मी आले तर आतल्या तिघींचं कोण बघणार?" मी म्हणाले. ते खरंच होतं. आत तिघी कळा देत होत्या आणि मी एकटी होते. मी तिची मूठ सोडवली आणि गाडीचं दार लावलं. सोबत सासू आणि गाडीवाला. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. चिठ्ठी वर जाते, तिचं उत्तर खाली येत नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही.

त्याच वर्षी माझ्या मुलीला दिवस गेले. ती नेदरलँडमध्ये असते, तिथल्या एका छोट्या गावात. जावई कंपनीत कामाला. नऊ महिने ती मला फोनवर तिथली रीत समजावत होती आणि मी नऊ महिने भांडत होते. तिथं मनाला आलं म्हणून दवाखान्यात जाता येत नाही. आधी घरचा डॉक्टर, नाहीतर सुईण. ते पाठवतील तेवढेच त्या भागाच्या रुग्णालयात जाणार आणि त्यालाही जमलं नाही तरच विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात.

"म्हणजे तुमचं ते रुग्णालय आमच्यासारखंच की गं, मधलं," मी म्हणाले.

"हो, म्हटलं तर तसंच," ती म्हणाली.

तिची सुईण म्हणजे आपल्याकडची सुईण नव्हे. चार वर्षं शिकलेली बाई. पण आमच्या घरात तिचं नाव सुईणबाई पडलं ते पडलंच. पुढच्या आठवड्याचं माझं विमानाचं तिकीट होतं, डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार होते. बाळाला काही तेवढा दम निघाला नाही.

रविवारी दुपारी जावयांचा फोन आला. "आई, सुईणबाईंनी रेफर केलंय. पाणी हिरवं गेलंय. आम्ही निघालोय हॉस्पिटलला."

शंभर बायांना मी समजावलं असेल की हिरवं पाणी म्हणजे जीव गेला असं नसतं. त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. मी जावयांना पहिला प्रश्न विचारला तो हा, "तिथं ओळखीचं कोण हाय?"

"आई, इथं ओळख लागत नाही."

"ओळख कुठं लागत न्हाई? तुमच्या साहेबांना फोन करा," मी ओरडले.

आमच्या यांचं दिंद्रुडला कापडाचं दुकान. ते गिऱ्हाईक तसंच सोडून घरी आले, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन वैजनाथाला अभिषेक बोलले आणि मग माजलगावच्या मावसभावाला फोन लावला. मावसभावाच्या भागीदाराचा मुलगा त्या देशात शिकतो म्हणे. तो निघाला रुग्णालयापासून तीन तासांवर राहणारा आणि त्याला तिथं कुत्रंही ओळखत नव्हतं. तोवर आमच्या बैठकीत आठ माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या कानाला फोन. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला आमचा दवाखान्याचा व्हरांडा आठवला. फक्त या खेपेला ओरडायला सिस्टर नव्हती.

तासाभरानं मुलीनंच व्हिडिओ कॉल केला. खाटेवर होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"सुईणबाई गेल्या का तुला सोडून?" मी विचारलं.

"नाही गं, इथंच बसल्यात. त्यांचं काम संपलं खरं म्हणजे, आता इथले लोक बघतात. पण मी म्हटलं थांबाल का, तर थांबल्या."

मी फोन यांच्या हातात दिला.

चहाच्या वेळेला नात झाली. दोघी सुखरूप. मी मोठ्यानं रडले, त्याची मला लाज नाही.

दुसऱ्या दिवशी सुईणबाई बाळ-बाळंतिणीला बघायला घरी आल्या, तेव्हा मुलीनं फोन त्यांच्यासमोर धरला. माझ्याच वयाची बाई, केस पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. मीही हेच काम करते म्हटल्यावर खुर्ची ओढून बसल्या. त्या इंग्रजीत विचारायच्या, मी मराठीत सांगायचे, मुलगी मध्ये. मोठं हॉस्पिटल किती लांब? मी म्हणाले, दीड तास. मग त्यांनी विचारलं, एवढ्या लांब त्या बाईबरोबर कोण जातं?

"गाडीवाला असतो. आणि सासू," मी म्हणाले.

मुलगी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे वळून इंग्रजीत बोलली. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण तीस वर्षं केसपेपर लिहिलेत, समजतं. ती म्हणाली, माझी आई स्वतः जाते, वाटभर त्या बायांचा हात धरून बसते.

सुईणबाईंनी मान हलवली आणि मला हात जोडून नमस्कार केला. मुलीनंच शिकवला असणार. मी मुलीचं बोलणं खोडलं नाही. मीही हात जोडले, ज्या हातांनी त्या सिरसाळ्याच्या पोरीची मूठ सोडवली होती तेच.