कारवीचा मध पिंपात गेला

गणपतदादाने मला फसवलं. भाव ठरल्याप्रमाणे दिला, वजनातही खोट नव्हती, तरी फसवलंच.

आमच्या घाटात कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. यंदा फुलली, तेव्हा मी मधपेट्या डोक्यावरून वरच्या पठारावर नेल्या. तिचा घट्ट, तांबूस मध वेगळा भरायचा, अशी अट घालूनच मी त्याला विकला. काल त्याच्या दुकानात उन्हाने चमकणाऱ्या बाटल्या पाहिल्या, तर सगळ्यांचा रंग एकच. चाखून पाहिलं. माझी कारवी त्याने उन्हाळ्यातल्या कडवट जांभळाच्या मधाच्या पिंपात ओतली होती.

"गिऱ्हाईकाला दर वेळी तीच चव लागते, वहिनी," तो हसत म्हणाला. "पैसे मिळाले ना? मग तक्रार कुणाची, माश्यांची?"

डोंगराची चव कधी एक असते का? चैत्रात जांभूळ, मागून हिरडा, आणि एखाद्याच वर्षी कारवी. ज्याच्या त्याच्या वेळेला जे ते येतं, म्हणून तर माणूस वाट बघतो. सगळं एकत्र ढवळलं की उरतो नुसता गोडवा. तो साखरेतही असतो.

फुलून गेलेली ती झुडपं आता वाळली आहेत. नवी फुलतील तेव्हा माझे गुडघे पठार चढतील की नाही, देव जाणे. नातीला मी सांगून ठेवलं होतं, कारवीचा मध चाखवीन म्हणून. सगळा मध विकला होता, तिच्यासाठी एक बाटली दुकानातूनच घेणार होते. दादा, आता तिला काय चाखवू? दुकान बंद करून घरी या आणि तिच्यासमोर बसून सांगा.