लाल ज्वारीची भाकर

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नाही, लेकींनाही नाही. तशी मी तोंडाची फाटकी, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळे म्हणतात. हे मात्र राहिलं. तुम्ही ऐका.

नेरच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात आम्ही पाच मुली. त्यातली पंचफुला माझी जिवाची. दीड कोस चालत यायची. तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा ती दुसरीत होती. आता तिच्या वस्तीतून मॅट्रिक होणारी पहिली मुलगी तीच ठरणार होती. मास्तरीण व्हायचं होतं तिला. तिची आई आमच्याच वावरात कापूस वेचायला यायची. वर्गात ते मी कधी काढत नसे—तीही नाही.

त्या साली पाणी पडलं नव्हतं. रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो म्हणायचे तिला. आमच्या घरी पांढऱ्या ज्वारीची कोठी भरलेली, वर चढ्या भावानं विकतही होतो. आमचा कापूस मुंबईला जायचा, तिथून कुठं कुठं—आणि तो वेचणाऱ्या बायांच्या पोटात बोटीनं आलेलं धान्य. तेव्हा हे कळत होतं का मला? आणि कळलं असतं तरी मी काय दिवे लावले असते?

दुपारी शाळेमागच्या निंबाखाली आम्ही दोघी जेवायचो. अर्धी भाकर तिची मला, अर्धी माझी तिला. लाल भाकर जरा कडक, पण तिच्या आईची लसणाची चटणी लावली की मी बोटं चाटायची. खरं सांगते—मला ती भाकर आवडायची.

एकदा पंचफुला पाणी आणायला गेली आणि बाकीच्या तिघींनी मला गाठलं.

"तिच्या डब्यातलं खातं काय वं तू?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? पण घरी कळलं तर आई चुलीजवळ येऊ देणार नाही, ही धास्ती. आणि नागपूरला शिकणाऱ्या भावानं सांगितलेलं नेमकं जिभेवर आलं.

"मी कायले खाऊ? तिकडं अमेरिकेत ते डुकरं खातेत."

तिघी हसल्या. मीही हसले. वळून बघते तर मागं पंचफुला, हातात पाण्याचा गडू.

दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा बंद. काहून वं, विचारलं तर म्हणे, "मले दुपारची भूकच नाही राहत." सकाळची निघालेली पोर संध्याकाळी घरी पोचायची. मी माझी भाकर पुढं केली की म्हणायची, "तू खाय. तुले अभ्यास करा लागते." परीक्षेपर्यंत, तीन महिने, हे असंच चाललं.

गणिताच्या पेपराला तिला भोवळ आली. त्या एका विषयात ती नापास झाली. पुन्हा बसू द्यायला बाप तयार झाला नाही, लग्न लावून दिलं. ऊन होतं, कोणालाही भोवळ आली असती—असं मी जो विचारेल त्याला सांगत राहिले. डब्याचं कोणालाच सांगितलं नाही.

मास्तरीण मी झाले. फुलसावंगीला नेमणूक मिळाली. शाळेत घालायची पोरं शोधत घरोघरी फिरताना एका दारात तीच उभी, कडेवर लेकरू. केवढी हरखली. हात धरून आत नेलं, जेवल्याशिवाय सोडणारच नाही म्हणाली. चुलीवर भाकर होती, लाल. तिनं ती परातीखाली झाकली, वाटी घेऊन शेजारी गेली आणि पांढरं पीठ मागून आणलं.

"तुले हे नाही चालत, मले ठाऊक आहे," थापता थापता म्हणाली. "शाळेत माह्या मनासाठी गिळत होती तू. मले किती दिवस समजलंच नाही."

टोमणा नव्हता हो त्यात. इतक्या वर्षांत तिनं मला माफ करायची एक वाट शोधून काढली होती, आणि ती खोटी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, धुरानं. मला ती भाकर आवडायची, पंचफुला—एवढंच तर बोलायचं होतं.

"चांगली झाली वं," मी म्हणाले, आणि पांढरी भाकर खाल्ली.