हेल्मेटखाली मावेल एवढी वेणी

आधी काकीचं सांगते, मग माझं. काकी म्हणजे ठाण्यात बाळकुमच्या गावठाणात आपल्या कौलारू घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवणारी आगरी बाई. मी तिच्या माडीवरच्या खोलीत आणखी दोन मुलींबरोबर भाड्याने राहायचे. माझं डोकं शाबूत राहिलं आणि काम टिकलं, ही दोन्ही तिची करणी. बाकी जे घडलं ते केसांचंच आहे, तसं बघितलं तर छोटं. पण मला छोट्या गोष्टींचीच धास्ती जास्त. गॅस बंद केलाय ना हे बघायला मी आजही जिना दोनदा चढते.

माझं गाव माणदेशात. आठवीनंतर शाळा सुटली. आई आजारी पडली, धाकटी दोघं अगदी लहान, घरात कुणीतरी लागणारच होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. आई पुढे बरी झाली, शाळा मात्र राहिली ती राहिलीच. त्या दिवसांत माझं स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे काय होतं, तर केस. बसले की जमिनीला टेकायचे. आई हिंडूफिरू लागली तसं तिने सगळ्यात आधी माझं न्हाणं पुन्हा आपल्या हातात घेतलं. दर रविवारी शिकेकाईचं काळं पाणी, मग उन्हाकडे पाठ करून बसायचं आणि ती मागे बसून गुंता सोडवणार. घाई नसायची तिला. एरवी सगळ्यात घाई, यात नाही. फणीत राहिलेलं गुंतवळ फेकायचं नाही. बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायचं. वर्षातून दोन-तीनदा केसांवर भांडी देणारी बाई यायची, तिला ते द्यायचं. आमच्याकडचा पोह्यांचा डबा असाच आलेला. कोणी पाव्हणं आलं की आई सांगायची, "ह्यो डबा माझ्या लेकीच्या डोक्यातनं निघालाय."

लांबच्या आत्याच्या ओळखीने मी ठाण्याला आले आणि माजिवड्याच्या एका औषधाच्या दुकानात लागले. काम घरपोच औषधं देण्याचं, तेही दुकानाच्या सायकलवरून. सायकल मला येत होती. लहानपणी भावाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत शिकलेली. ते दिवस आठवले की अजून मला बरं वाटतं. सकाळी नऊ वाजता पाठीवर पिशवी, माजिवड्याहून बाळकुम, बाळकुमहून पुढे उंच उंच सोसायट्या. गेटवरचा वॉचमन विचारणार, "कौनसा फ्लॅट?" आणि मी चिठ्ठीवरचा आकडा दाखवणार. सातव्या मजल्यावरचे एक आजोबा गोळ्या घेण्याआधी मला पाणी विचारायचे. गावाकडे मी कुणाची तरी मुलगी होते, इथे मी 'औषधवाली' होते. मला ते आवडायचं.

दुकानाचा एक नियम होता. माझ्या आधी जो माणूस हे काम करायचा तो पुलाखाली घसरून पडला होता, डोक्याला टाके पडले होते. तेव्हापासून शेठचं एकच वाक्य, "हेल्मेट नाही तर सायकलची चावी नाही." मी दुसऱ्याच दिवशी हेल्मेट आणायला गेले आणि तिथेच माझं चुकलं. दुकानदार टेप घेऊन आला. मी डोक्यावर, अगदी शेंड्यावर, घट्ट अंबाडा घातलेला, आणि त्याने मापही अंबाड्यासकटच घेतलं. त्याच्याकडचं सगळ्यात मोठं हेल्मेट मला बसलं. बसलं म्हणजे काय, तर चुंबळीवर घागर ठेवतात तसं ते अंबाड्यावर राहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी मनात म्हटलं, हे तर सोपं आहे. लहानपणापासून आडावरून भरल्या घागरी आणलेल्या, माझी मान त्याला सरावलेली. मी तशीच मान ताठ धरून सायकल चालवायचे. दुकानातली पोरं म्हणायची, "ए, पाणी सांडेल!" मला वाटायचं, हे कौतुकच आहे.

तीन आठवडे घागर सांडली नाही. मग एका शुक्रवारी बाळकुमच्या वळणाआधीच्या गतिरोधकावर सायकल उडाली, आणि हेल्मेट अंबाड्यावरून घसरून थेट नाकावर आलं. समोर काळोख. कसा कोण जाणे, ब्रेक न दाबता मी हात वर नेला. पडले. कोपर सोललं, पिशवीतल्या इंजेक्शनच्या दोन बाटल्या फुटल्या. मागून येणारा रिक्षावाला वेळेवर थांबला. तो खाली उतरून मला म्हणाला, "मॅडम, टोपी काढा आधी, मग उठा."

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं, एक बोट लावलं, आणि ते डुलायला लागलं. "हे तर दाखवायला झालं," तो म्हणाला. "सोमवारी नीट बसणारं घालून ये. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. मी तुला काउंटरवर घेतलं असतं गं, पण तिथे औषधांची नावं वाचावी लागतात." त्यात चूक काहीच नव्हतं. इंग्रजी नावं मला वाचता यायची नाहीत. माझ्याजोगतं या शहरात जे एक काम होतं, ते सायकलचं.

संध्याकाळी मी पार्लरमध्ये शिरले आणि म्हटलं, "काकी, बॉयकट करून टाक."

काकी कुणाच्या तरी भुवया करत होती. दोरा दातात तसाच धरून तिने माझ्याकडे बघितलं, कोपराकडे बघितलं. "परलीस काय गो?"

"पडले. तू काप ना आधी."

"रडत आलेल्या बाईचे केस मी कापत नाय."

"मी रडत नाहीये."

"मग नाकान पानी कुठशी आला?" खुर्चीतली बाई हसली. काकीने दोरा सोडला. "नवऱ्याशी भांडून येतात, सासूशी भांडून येतात, नि सांगतात काप. मी सांगते, उद्या ये. निम्म्या येत नाय. तू रविवारी ये. सायकल घेऊन ये, नि ती डोक्यावरची टोपली पन."

शनिवारभर मी दुकानात शेठची कपाटं पुसली आणि रविवारपुरती सायकल मागून आणली. रविवारी ती घेऊन पार्लरसमोर उभी राहिले. मला वाटलेलं, खुर्चीत बसवेल आणि पाच मिनिटांत संपेल. तिने कात्री हातात घेतलीच नाही. आधी माप घेणाऱ्या शिंप्यासारखी माझ्याभोवती एक फेरी मारली. डोकं मागून चाचपलं, मानेच्या वर जो हाडाचा उंचवटा असतो तिथे बोट ठेवलं. "हेल्मेट हिथं बसतं. याच्या वर केसांचा गोला नको. आता खाली किती लांब ठेवाचे ते तू सांगाचं नाय, मी सांगाचं नाय. सायकल सांगंल."

मग तिने मानेजवळ सैल वेणी घातली, अंबाडा नाही, आणि मला गल्लीतून देवळापर्यंत चक्कर मारायला पाठवलं. परत येईपर्यंत वेणी पिशवीच्या पट्ट्यात अडकून मान मागे ओढली गेलेली. तिने वेणीचं टोक दुमडून वर घेतलं, रबर लावलं. "आता एवरीच हाय असा समज. जा." वेणी कमरेएवढी झाली. वळताना पुन्हा पट्ट्यात. आणखी दुमड. पुन्हा चक्कर. ओट्यावर बसलेल्या बायकांना तोवर करमणूक सापडलेली. एक ओरडली, "काकी, सर्कस हाय काय गो?" काकी म्हणाली, "हाय. तिकीट काढ."

पाचव्या का सहाव्या चकरेला वेणी खांद्याच्या खाली चार बोटं राहिली. मी हेल्मेट घातलं. ते डोक्याला लागलं. अंबाड्याला नव्हे, पहिल्यांदाच डोक्याला. अर्थात मोठं होतं, हललं. पण पट्टा आवळायला मागे जागा मोकळी होती आणि वेणी त्याच्या खालून गप्प बाहेर पडली होती. मी म्हटलं, "अजून आखूड कर ना, मग बांधायची भानगडच नाही." काकीने माझ्या कपाळावरची एक बट ओढली. "जे बांधता येत नाय ते डोल्यात जातं. बांधता आलं पायजे, नि बांधल्यावर विसरता आलं पायजे. तेवरंच."

तेव्हा कुठे तिने मला बसवलं. वेणी वरून बांधली, खालून बांधली, आणि कात्री लावण्याआधी विचारलं, "आता रडतेस काय?" मी नाही म्हटलं. खरंच नव्हते रडत. आवाज कोरड्या गवतासारखा आला, बराच वेळ. वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून तिने माझ्या मांडीवर ठेवली. डोकं इतकं हलकं झालं की उठताना माझा तोल गेला.

पार्लरला कडी घालून ती माझ्याबरोबर हेल्मेटच्या दुकानात आली. दुकानदार म्हणाला, "वापरलेलं आहे, चरा पडलाय, कसं बदलून देऊ?" काकीने माझी बाही वर केली. "पोरीला पन परलाय चरा. ह्याचा काय करतोस? अंबाड्याचा माप तू घेतलास ना?" दोन नंबर लहान हेल्मेट घेऊन आम्ही परत आलो. सोमवारी शेठने ते दोन्ही हातांनी धरून हलवलं. हेल्मेटबरोबर माझं डोकंही हललं. त्याने चावी दिली.

काम राहिलं. पण आईला काय सांगायचं? व्हिडिओ कॉल आला की मी डोक्याला टॉवेल गुंडाळायचे. "आत्ताच न्हाले आई." दर वेळी आत्ताच न्हाले. काकीने एकदा ते बघितलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "केस कापलेस यात लाज नाय. त्यो टॉवेल हाय ना, त्याची लाज हाय." मी म्हटलं, दिवाळीत गावी गेले की सांगेन. पावसाळा गेला, नवरात्र गेलं, टॉवेल तसाच.

दिवाळीत घरी पोचले ते ओढणी घेऊन. आईने दार उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "बस. डोकं इचरते." पळवाट नव्हती. मी पाठ करून बसले, ओढणी काढली. फणी वरून खाली आली, केस संपले, आणि तिचा हात तसाच खाली, हवेतून, पार जमिनीपर्यंत गेला. दुसऱ्यांदाही गेला. सवय होती ना. तिसऱ्यांदा तो खांद्याखाली थांबला. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"कोपर बगू," आई म्हणाली.

मी वळून बघितलं.

"तुज्या घरमालकिनीचा फोन आलता की. आखाडात. म्हनली, केस गेल्यात, डोकं ऱ्हायलंय, पोरगीला वरडू नगं. ती सांगंल तवा सांगंल." भाड्याच्या कागदावर घरचा नंबर लिहिलेला होता, तिथून घेतला असणार. म्हणजे चार महिने आई माझा टॉवेल बघत होती आणि मुकाट विचारत होती, "साबन कुठला लावतीस?" मग ती माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "हलकं वाटतंय न्हवं? माजं बी वज्जं उतारलं. पर त्या बाईला एकदा घिऊन ये. तिचं तोंड बगायचंय मला."

आता मी कोपर स्टेशनजवळ राहते आणि इकडच्याच एका दुकानाची औषधं पोचवते. केस तेवढेच ठेवलेत, खांद्याखाली चार बोटं. औषधांची नावं आता वाचता येतात, बहुतेक. बाळकुमचं ते घर पाडून तिथे इमारत झाली. काकी पाचव्या मजल्यावर राहते, पार्लर बंद झालं, गुडघे धरलेत. मी गेले की ती आधी माझी वेणी चाचपून बघते. गावी चल म्हटलं की म्हणते, "एसटीची पायरी मना चढवत नाय गो." आईचं विचारणं चालूच आहे, दर फोनला. मला जे माझ्या तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही ते काकीने एका फोनमध्ये सांगून टाकलं, आणि वर मला कळूही दिलं नाही. त्याची फेड नुसत्या बोलण्याने होणार नाही. मी गाडी करणार आहे, पुढच्या सीटवर पाय लांब करता येतील अशी. लगेच नाही जमणार, पण जमवणार. काकी, तुला आमच्या दारात उतरवून घेईन आणि आईसमोर बसवीन. तेव्हा नाही म्हणू नकोस.