समईवरचा वर्ख

चारकोपच्या आमच्या घरात सोनेरी नसलेली वस्तू शोधावी लागायची. आरशाची चौकट सोनेरी, घड्याळाचा काठ सोनेरी, रेडिओची बटणं सोनेरी, एवढंच काय, नारळ खवायच्या विळीचा पाटसुद्धा सोनेरी. लग्न होऊन बोरीवलीहून इथे आले तेव्हा वाटलं, ही माणसं भलतीच हौशी दिसतात. पण हौस एकट्या सासऱ्यांची होती. गिरणी बंद पडल्यावर ते इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका फ्रेमच्या कारखान्यात लागले आणि तिथे वर्ख लावायला शिकले. घरी आणायचे तो नकली वर्ख, पितळेचा. सासूबाई म्हणायच्या, "आता माका पण लावा नि ठेवा शोकेसात."

रविवारी दुपारी त्यांचं काम चालायचं. पंखा बंद, खिडक्या बंद आणि घामाने निथळत आम्ही सगळे गप्प, कारण कोणी जोरात श्वास सोडला तरी वर्खाचं पान उडायचं. रुंद, मऊ ब्रश ते आधी स्वतःच्या गालावर फिरवायचे. गालाचं तेल लागलं की पान अलगद ब्रशला धरून यायचं. मग ते वस्तूवर टेकवून कापसाने दाबत बसायचे. तेव्हा त्या उकाड्याचा मला भयंकर वैताग यायचा. आता एसीत बसून त्याच दुपारी हव्याशा वाटतात, याला काय म्हणावं.

खरं सोनं मात्र घरात एकाच वस्तूवर होतं, सासूबाईंच्या माहेरच्या पितळी समईवर. कारखान्यात खऱ्या वर्खाचं काम क्वचितच यायचं. त्यातले उरलेले कपटे मालक त्यांना घेऊन जाऊ द्यायचा. ते कपटे त्यांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीत जमवले आणि एकाला एक जोडत समईच्या दांड्यावर आणि वरच्या मोरावर लावले. ती समई फक्त गणपतीला बाहेर निघायची, एरवी मलमलीत गुंडाळून कपाटात असायची.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा सासरचा पहिला गणपती होता आणि नव्या सुनेला शाबासकीची हाव. गणपती यायच्या दिवशी पहाटे उठले, कपाटातून तांब्या-पितळेचं होतं नव्हतं ते सगळं काढून मोरीत घेतलं आणि चिंच-मीठ लावून काथ्याने घासायला बसले. माझ्या माहेरी समई अशीच घासतात. सगळ्यांच्याच घरी अशीच घासतात. मोराच्या पिसांत तर मी खास जोर लावला. पाणी ओतलं तेव्हा मोरीतून काहीतरी चकाकत वाहत गेलं.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी दोन वाक्यांत काय ते सांगितलं. आता या घरात आपल्याला कधी कोणी आपलं म्हणणार नाही, असं मला खरोखर वाटलं. तेवढ्यात सासरे आले. सासूबाईंनी माझ्या हातातली समई काढून घेतली नि त्यांना म्हणाल्या, "मीच घासलंय. हाताक सवय, ध्यानात नाय रवला."

सासरे समईकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. पुढचे पाच दिवसही बोलले नाहीत, म्हणजे सासूबाईंशी. आरतीला दोघं शेजारी उभे राहायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत. मी मोदक वळत होते, पाहुण्यांना चहा देत होते आणि रोज ठरवत होते की आज सांगायचं. मी तोंड उघडलं की सासूबाई डोळ्यांनीच दटावायच्या. विसर्जनानंतर ते त्यांच्याशी बोलायला लागले आणि मी सुटले. भित्री होते मी, दुसरं काय.

सासूबाईंना जाऊन आता तीन वर्षं झाली. यंदा गणपतीच्या आधी मी समई पुसत होते आणि सासरे समोर बसले होते. एकाएकी मला राहवेना.

"बाबा, हिच्यावरचा वर्ख मी घालवला होता. आईंनी नाही."

"माहितेय," ते म्हणाले. "त्या दिवशी मला ताट वाढत होतीस ना, तेव्हा तुझ्या नखांत सोनं दिसलं. मला ते दिसणार नाही होय?"

"मग पाच दिवस आईंशी का नाही बोललात?"

"राग आला होता ना. तुझ्यावर कसा काढणार? तू नवीन होतीस, आधीच घाबरलेली. तिच्यावर काढला. ती कुठे जाणार होती?"

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हे आईंना माहीत होतं?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

"नाही गं. तिला सांगायचं राहूनच गेलं."