भोरच्या रस्त्यावरचा खड्डा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सायकलवाल्या मित्रांना तर नाहीच. रस्त्यावर पडलेल्या एका माणसाशी मी खोटं बोललो आणि त्याने ते तिथल्या तिथे खरं मानलं.

आम्ही चौघं दर रविवारी सायकली काढायचो. त्यांतले एक नारायण पेठेतले, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, आमचे मास्तर. मला सायकलवर त्यांनीच बसवलं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. मी कर्वेनगरात फेऱ्या मारतोय हे कळल्यावर म्हणाले, "चालताय काय, भाजी आणायला निघालात का?" पुढच्याच रविवारी स्वतःची जुनी सायकल त्यांनी माझ्या दारात आणून लावली.

रांगेत चालवायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं. पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि मागच्याला दम कमी लागतो. पण मग मागच्याला रस्ता दिसत नाही. दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने खड्डा, खडी, फुटकी काच काहीही दिसलं तरी त्या बाजूचा हात खाली सोडून बोट दाखवायचं. मागचा तो हात बघून वळतो, रस्ता बघून नाही. बाकी कुणी कितीही दमलेला असो, एवढं चुकवायचं नाही.

होळी होऊन गेली होती. उजाडायच्या आधी निघून, कात्रजचा जुना घाट चढून, कापूरहोळवरून आम्ही भोरला गेलो. त्या रस्त्यावरच्या वडांना तांबूस कोवळी पालवी फुटली होती, मधेच एखादा पांगारा नुसता लाल. जाताना सगळे मजेत होतो. भोरमध्ये मिसळ खायला बसलो. मी नुकतीच नवी सायकल घेतली होती. ती फारच हलकी, बोटावर उचलता येते, असं खराडीत नोकरी करणारा आमच्यातला धाकटा कौतुकाने सांगत होता. मी तेव्हा पावाची दुसरी जोडी मागवत होतो. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "हलकी आहेच. वजन सगळं वर बसतं."

सगळे हसले. मीही हसलो. एरवी त्यांचं असलं बोलणं मला आवडायचं, दुसऱ्याला लागलं की जास्तच. त्या दिवशी मात्र ते आत कुठेतरी अडकून राहिलं.

परतताना ऊन चढलं होतं आणि वारा समोरून. मी मुद्दाम पुढे झालो आणि जोरात पायडल मारायला लागलो. दोघे मागे पडले. मास्तर पडले नाहीत. माझ्या चाकामागे बसून ते आरामात येत होते, शीळ घालत. ती शीळ ऐकत मी किती वेळ धापा टाकत होतो कोण जाणे. पुढच्या चढावर ते मागून सहज निघून जाणार, हे मला माहीत होतं. दर वेळी जायचे.

एका वडाच्या सावलीत तो खड्डा होता. मला तो बराच आधी दिसला. हात सवयीने हँडलवरून सुटलासुद्धा. मी तो परत हँडलवर ठेवला. मनात आलं, एकदा बघू देत की स्वतः. आणि मी ऐन वेळी चाक बाजूला काढून घेतलं.

मागून आवाज आला.

मी वळून गेलो तेव्हा ते कुशीवर पडले होते. कोपर सोललेलं, गळ्याखालचं हाड मोडलंय ते नंतर कळलं. चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी पहिलं विचारलं ते हाडाचं नाही.

"तुम्ही हात केला होता का?"

"केला होता की."

ते म्हणाले, "मग माझंच लक्ष कुठे होतं?"

मागचे दोघे आले, तेव्हा काय झालं ते मास्तरांनीच सांगितलं. "ह्यांनी खड्डा दाखवला होता, मलाच दिसला नाही." मी टेम्पो थांबवायला रस्त्यावर उभा राहिलो, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये.

हाड जुळलं. मी खोटं बोललो ते हाडापुरतं असतं तर कदाचित पचवलंही असतं. पण त्यांच्या घरी काळजी सुरू झाली. डोळे तपासले, डोळे उत्तम निघाले. ते जास्तच वाईट झालं, कारण मग दोष लक्षाचा ठरला. मुलाने स्कूटरची किल्ली काढून घेतली. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम सूनबाईंनी स्वतःकडे घेतलं, न बोलता. सायकलचं तर नावच नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी चहा देत म्हणाल्या, "तुम्ही बरोबर होतात म्हणून बरं. ह्यांना हल्ली दिसत असून दिसत नाही." मास्तरांनी काहीतरी तिरकस बोलावं म्हणून मी वाट बघितली. ते बिस्किट बुडवत बसले. मीही चहा संपवला आणि घरी आलो.

आता रविवारी मला पुढे ठेवतात. हात चुकत नाही म्हणून.

परवा लक्ष्मी रस्ता ओलांडताना मास्तरांनी माझं कोपर धरलं. म्हणाले, "तुमच्याबरोबर असलं की भीती वाटत नाही." पलीकडे पोचल्यावरही त्यांनी ते लगेच सोडलं नाही.

माझा हेतू काय होता, क्षणभराचा राग होता की आणखी काही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. त्याचा त्यांना काही उपयोग नाही. इथे लिहिणंही सोपं आहे, इथे कुणाचं नाव नाही. मला त्यांच्या घरी जायचं आहे आणि बायको, मुलगा, सून बसलेले असताना सांगायचं आहे की खड्डा मी पाहिला होता, हात केला नव्हता, त्यांच्या नजरेत आणि लक्षात काहीही बिघाड नव्हता. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.