फाटलेल्या कोपऱ्यांचा तपास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी एकच नाव सांगतो: गारगोटीचे भाऊमास्तर. या हकिकतीत दुसऱ्या कोणाचेही नाव मी लिहिणार नाही, पोलिसाने लिहूही नये. मास्तरांचे मात्र लिहावेच लागेल, कारण तपास सुरू झाला तो त्यांच्यापासून.

माझे वडील गारगोटीच्या बाजारात दोरखंडे विकत. मी मराठी चौथी पास झालो त्याच वर्षी ते गेले आणि घरच्यांनी मला दुकानात बसवायचे ठरवले. मास्तरांनी मला बैलगाडीत घालून कोल्हापुरात आणले आणि महाराजांनी काढलेल्या एका वसतिगृहात दाखल केले. तिथे राहून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कोणाला सहीसुद्धा येत नव्हती. दरबारच्या पोलीस खात्यात मला फौजदार म्हणून घेतले, तेव्हा नवा गणवेश आईच्याही आधी मास्तरांना दाखवला होता.

नोकरीचे पहिलेच वर्ष होते. मंगळवारची सकाळ. हजेरी संपली होती आणि मी ठाण्याची डायरी लिहीत होतो. दारात जमादाराचा आवाज चढला.

"ओ पावणं, आत कुठं निघालासा? काम काय हाय?"

मी मान वर केली. दारात भाऊमास्तर उभे होते. दाढी वाढलेली, धोतर धुळीने माखलेले, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. माझ्याकडे ते टक लावून बघत राहिले. मग सरळ माझ्यापर्यंत आले आणि सगळ्या शिपायांसमोर माझ्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला.

"जित्ता हाईस की रं!" म्हणाले आणि बाकावर बसून लहान मुलासारखे रडू लागले.

जमादार म्हणाला, "पावणं, फौजदारसाहेबास्नी मारलासा. गुन्हा हाय ह्यो."

"घाल बेडी," मास्तर रडत रडत हसले. "आज फाशी दिलीस तरी चालंल."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढले. ते मीच पाठवलेले होते. माझे लग्न ठरल्याची बातमी त्यात होती. पण तिकिटाच्या वरचा, उजवीकडचा कोपरा फाटलेला होता.

आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी लिहितो. मयताच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवायची चाल होती. असे पत्र घरात नेत नसत. बाहेरच वाचून फाडून टाकत आणि अंघोळ करत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कोपऱ्यावरून काय ते कळे.

"पण मास्तर, आत लग्नाचं लिहिलंय. तुम्ही वाचलं नाहीत का?"

"वाचलं की. म्हटलं, लिवलंस तू आणि टाकायच्या आधीच काय तरी झालं. मग कुणीतरी कोपरा फाडून तेच कार्ड धाडलं." ते कार्डावरून बोट फिरवू लागले. "वाचून फाडायची रीत हाय. पर तुझं अक्षर हुतं. हात धजावला न्हाय."

त्या कार्डाने पुढे एका माणसाची अब्रू वाचवली.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी तीन तक्रारी आल्या. एका खेड्यातली पाच माणसे दुखवट्याला म्हणून कोल्हापुरात आली, तर ज्याच्यासाठी रडायचे तो म्हातारा तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना डाव शिकवत होता. बहिणीने गळा काढला तेव्हा तो ओरडला, "रडतीस कशाला, मी हाय की!" ठाण्यात हे सांगताना तो स्वतःच इतका हसला की जबानी लिहिणारा कारकून दोनदा थांबला. पण दुसऱ्या घरी हसण्यासारखे नव्हते. तिथे कोपरा फाटलेले कार्ड पोचल्यावर अपशकुन म्हणून सोयरीक मोडायची बोलणी सुरू झाली होती.

चारही कार्डे मी टेबलावर मांडली; मास्तरांचे सोडून बाकी तीन रीतीप्रमाणे फाडलेली, त्यांचे तुकडे जुळवून. चारही कोल्हापुरात टाकलेली. तीन लग्नाची, एक बारशाचे. प्रत्येकाचा तोच वरचा, उजवीकडचा कोपरा गेलेला. व्यवहाराचे किंवा साध्या खुशालीचे एकही कार्ड फाटल्याची तक्रार नव्हती. कोणीतरी लोकांच्या आनंदावर टपून बसला आहे, असे आम्हां सर्वांना वाटले.

बुधवारी मी मोठ्या पोस्टात गेलो. टपाल इंग्रज सरकारचे, आम्ही दरबारचे पोलीस, त्यामुळे आधी पोस्टमास्तरांची परवानगी घेतली. गृहस्थ शिस्तीचे होते. त्यांनी मला प्रथम नवे यंत्र दाखवले. ते चाचणीसाठी आले होते आणि त्याला दोनच महिने झाले होते. एका बाजूला पत्रे उभी रचायची आणि दांडा फिरवायचा. रबरी रूळ एकेक पत्र ओढून घेई, तारखेचा शिक्का उमटे आणि पुढे एक झडप जाड पाकिटे एका पेटीत व कार्डे दुसऱ्या पेटीत टाकी. खडखड खडखड करत शंभर पत्रे डोळ्यांदेखत निघून जात. मी खेड्यातून आलेला माणूस, मला ते फार आवडले. दांडा मी स्वतःही फिरवून पाहिला.

मग पोस्टमास्तरांनी आवाज खाली आणला. "संशय एकाच माणसावर आहे."

तीस वर्षे हाताने शिक्के मारणारा एक वृद्ध मुसलमान शिपाई तिथे होता. यंत्र आल्यावर त्याला टपालाच्या पिशव्या शिवायला बसवले होते. यंत्राला बदनाम करण्यासाठी तोच कोपरे फाडतो, असे त्यांचे मत होते. शनिवारी पुण्याहून त्यांचे वरिष्ठ येणार होते. ते म्हाताऱ्याला बडतर्फ करून आमच्या ताब्यात देणार होते. हेतू होता, संधी होती. नव्या फौजदाराला आणखी काय हवे?

त्याला ठाण्यात बोलावले. मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. लग्नाची तारीख ठरवूनच परत जाणार, असे त्यांनी जाहीर केले होते.

"चाचा," मी विचारले, "यंत्र आल्यापासून तुमच्या मनात राग आहे म्हणतात."

"राग कशाला? लई गुणाचं मशीन हाय साहेब. मी दिसभर मारायचो तेवढं शिक्कं ते तंबाखू मळून होईस्तवर मारतंय. ह्यो खांदा बघा की, ठोकून ठोकून खाली आलाय."

"मग कोपरे कोण फाडतं?"

"मला काय ठावं? पर तीस वरसांत माझ्या हातनं एक कार्ड फाटलं न्हाय. इचारा कुणालाबी." त्याने दोन्ही हात माझ्यापुढे केले. "लोकांच्या लग्नाचं कार्ड मी फाडीन व्हय? माझ्या चार पोरींची लग्नं ह्याच गल्लीनं उभं राहून केली. आता ह्या वयात बेडी घालून त्याच गल्लीतनं नेणार मला?"

मी डायरी मिटली. त्याला घरी पाठवले तेव्हा जमादार नाराज झाला. "साहेब, दोन दणकं दिलं असतं तर बोलला असता."

मास्तर बाकावरून म्हणाले, "शाळेत मी बी तसंच करायचो. पोरगं कबूल हुयाचं, पर चोरी सापडायची न्हाय."

रात्रभर मला एक गोष्ट सलत राहिली. ज्याच्या मनात डूख असतो तो त्या वस्तूला नावे ठेवतोच. यंत्राची अशी मनापासून स्तुती करणारा माणूस ते बदनाम कशाला करील?

गुरुवारी दुपारी मी चाचणी घ्यायची ठरवली. पोस्टमास्तरांनी वीस कोरी कार्डे यंत्रातून काढली. एकाचाही कोपरा दुखावला नाही. "बघा," ते म्हणाले, "यंत्राला लग्न आणि बारसं कळत नाही. माणसाला कळतं."  शेवटी मी विनंती केली की आजच्या पेटीतले टपाल चाचांनीच आणून यंत्राजवळ रचावे. त्यांचे हात कसे चालतात ते मला पाहायचे होते.

चाचांनी थैली ओतली. कार्डे, पाकिटे भराभर सरळ करू लागले. मधेच एक कार्ड त्यांनी बाजूला काढले आणि खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवले. मग दुसरे. मग तिसरे.

"हे काय करताय, चाचा?"

ते दचकले. आपण काय करतो आहोत ते त्यांच्या ध्यानातच नव्हते. "सवय हो साहेब. वाळाय ठेवतो. वलं कुंकू हाय न्हवं. वल्यावर शिक्का मारला की कागद सुटतो."

मी कठड्याकडे धावलो. तिन्ही कार्डांच्या उजव्या कोपऱ्याला कुंकवाचे ओले बोट होते. तेव्हा मला माझे स्वतःचे कार्ड आठवले. शुभकार्याचे पत्र आधी अंबाबाईच्या देवळात न्यायचे, तिथले ओले कुंकू कोपऱ्याला लावायचे आणि तसेच वाटेवरच्या पेटीत टाकायचे, ही कोल्हापूरची रीत. मीही तेच केले होते.

लोकांची शुभपत्रे पणाला लावायची नव्हती. जमादाराला देवळाकडे पिटाळले. तो द्रोणात कुंकू घेऊन धापा टाकत आला. चार कोऱ्या कार्डांना मी बोटे लावली आणि दांडा फिरवला. पहिले नीट आले. दुसऱ्याला कोपरा नव्हता. चौथ्यालाही नव्हता. ओलसर कोपरा रबरी रुळाला चिकटे आणि कार्ड पुढे निघून जाई.

पोस्टमास्तरांनी स्वतः पेचकस घेऊन रुळाखालची पत्र्याची झाकणी काढली. आत बोटभर जाडीचा लाल-पिवळा गठ्ठा बसला होता. सगळे कोपरेच. सुईच्या टोकाने मी एकेक सुटा केला आणि मास्तरांनी जपून आणलेले कार्ड काढले. सातवा तुकडा त्याला बरोबर बसला. माझ्या सहीइतकाच ओळखीचा वाटला तो.

 मग पोस्टमास्तरांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. "चाचा, मी तुमचा अपराधी आहे."

"असू द्या हो," चाचा म्हणाले. "मशीनला नाक न्हाय, डोळं न्हायत, त्येला काय कळणार वलं का वाळलं? मला इचारलं असतं तर पैल्याच दिशी सांगितलं असतं की."

"आरोपीच्या रकान्यात काय लिवू साहेब?" जमादाराने विचारले. "अंबाबाईचं कुंकू?"

त्या दिवशी टपाल पाऊण तास उशिरा सुटले, कारण सगळे पोस्ट हसत होते. शनिवारी पुण्याचे साहेब आले. मी कोपऱ्यांचा गठ्ठा आणि चारही कार्डे त्यांच्यापुढे ठेवली. यंत्र राहिले. चाचांना खिडकीजवळ जागा मिळाली आणि कुंकवाची सर्व पत्रे आधी त्यांच्या हाताखालून जावीत असा हुकूम निघाला. मोडत आलेल्या सोयरिकीच्या घरी मी स्वतः जाऊन फाटलेला तुकडा त्यांच्या कार्डाला लावून दाखवला. त्याच लग्नात जमादाराने सात जिलब्या खाल्ल्या.

पुढे मी बरीच वर्षे नोकरी केली, मोठे गुन्हेही हाताळले. चौकशीला बसलो की 'तू त्या वेळी कुठे होतास' हे विचारण्याआधी मी 'तू तुझे काम कसे करतोस' हे विचारत असे. माणूस आपल्या कामाबद्दल सहसा खोटे बोलत नाही. आणि त्या गुरुवारी मी शहाणा ठरलो तो माझ्या बी.ए.मुळे नव्हे. एका म्हाताऱ्याला ओली कार्डे वाळवायची सवय होती आणि दुसऱ्याच्याने माझ्या अक्षरातले एक कार्ड फाडवले नव्हते.

मास्तर रविवारी परत गेले. सोमवारी मी त्यांना पाठवलेले कार्ड त्यांच्या मुलाने मला अलीकडे परत दिले. ते इथे उतरवतो.

"तीर्थरूप भाऊमास्तर यांचे चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार. लग्न आपल्यासमोर ठरले तसे पुढच्या महिन्यात, शुक्रवारीच आहे. माझ्या बाजूला वडिलांच्या पाटावर आपण बसायचे आहे. दुसऱ्या कोणाला मी तिथे बसू देणार नाही. काकूंना घेऊन दोन दिवस आधी यावे. पाठीत अजून दुखते, तरी तसाच आणखी एक गुद्दा मिळावा ही इच्छा. हे कार्ड चाचांनी उन्हात वाळवून, स्वतःच्या हाताने शिक्का मारून पाठवले आहे. चारही कोपरे मोजून घ्यावेत."